हिय्या करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

गेल्या अंकातल्या सदरात भीतीच्या ‘शिडी’बद्दल चार ओळी छापल्या होत्या : ज्या गोष्टीची भीती वाटते तिचे लहान-मोठे तुकडे करायचे, सोप्यापासून अवघडापर्यंत कागदावर मांडायचे आणि खालून एकेक पायरी चढायची. तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं कापून छापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे नाहीत.

प्रश्न : वय ४६, इंदूरच्या सुदामानगरात राहते. चार वर्षांपूर्वी महू नाक्यावर वळताना स्कूटी घसरली, गुडघा फुटला. तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. मुलगा हॉस्टेलला, हे दिवसभर ऑफिसात, मी भाजीलासुद्धा ई-रिक्षाची वाट बघते. किल्ली हातात घेतली की तळव्यांना घाम फुटतो. सगळे म्हणतात, ‘मनातून भीती काढून टाक.’ काढायची कशी?

उत्तर : ताई, असं म्हणणारे क्रम उलटा सांगतात. भीती आधी गेली आणि मग माणूस गाडीवर बसला, असं सहसा होत नाही. घामेजल्या हातांनीच बसावं लागतं. भीती मागाहून, रडतखडत उतरते. ई-रिक्षात बसल्यावर तुम्हाला जे हायसं वाटतं ना, तेच भीतीचं खत आहे. ‘गाडी काढली नाही म्हणून वाचलो’ अशी नोंद मेंदू दर वेळी करून ठेवतो, आणि चार वर्षांत अशा नोंदींची वही भरली आहे. ती पुसता येत नाही. ‘गाडी काढली आणि काही झालं नाही’ अशा नव्या नोंदी तिच्याशेजारी लिहीत जायच्या. पुरेशा झाल्या की त्या वरचढ होतात. त्यामुळे एक दिवस डोळे मिटून महू नाक्यावर गाडी घालण्यात काही हशील नाही. थोडं थोडं, पण वारंवार करायचं.

पहिलं काम गाडीचं. चार वर्षं उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी बसलेली असते, टाकीतलं पेट्रोल खराब झालेलं असतं, टायरला चिरा पडतात, ब्रेकच्या केबल जाम होतात. मेकॅनिककडून हे सगळं बघून घ्या; विमा, पीयूसी आणि लायसन्सची मुदतही तपासा. घाबरलेल्या माणसाची गाडी पहिल्याच दिवशी चौकात बंद पडली तर पुढचे सहा महिने ती पुन्हा दारात उभी राहते.

मग कागद घ्या. ० म्हणजे भीती अजिबात नाही, १०० म्हणजे आयुष्यात वाटली त्यातली सर्वांत मोठी. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या शतकात ही मोजपट्टी रूढ केली, आजही ती तशीच वापरतात. तुमची शिडी साधारण अशी निघेल : दारात स्टँडवर लावलेल्या गाडीवर १० मिनिटं नुसतं बसणं, २०. इंजिन सुरू करून बसणं, ३०. सकाळी सहाला दसरा मैदानावर पाय जमिनीला लावत सरळ रेषेत जाणं, ४०. तिथेच पाय वर घेऊन मोठा आठ काढणं, ५०. कॉलनीतल्या गल्ल्या, ५५. सकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत, ६५. तेच संध्याकाळी, ७५. रविवारी सकाळी सातला महू नाका, ८५. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला महू नाका, ९५. आकडे तुमचे तुम्ही बदला. सुरुवात ३०-४०च्या पायरीवर करा. १०ची पायरी काही शिकवत नाही आणि ९०ची पळवून लावते.

आठवड्यात चार-पाच दिवस, दर खेपेला २०-३० मिनिटं. निघण्याआधी एक ओळ लिहायची : ‘मला वाटतं, अमुक होईल.’ ‘ब्रेक लागणार नाही’, ‘मागची कार ठोकेल’, जे असेल ते, अगदी स्पष्ट. परत आल्यावर खाली लिहायचं, काय झालं ते. एखाद्या पायरीचा कंटाळा येऊ लागला की पुढची घ्या. या कामात कंटाळ्यासारखं शुभचिन्ह नाही.

आता हातांकडे बघू, कारण तुमच्या भीतीचा निम्मा भाग तिथे आहे. घाबरलेला माणूस मूठ आवळतो, अंग मागे टाकतो, उजवं मनगट खाली जातं आणि रेस आपोआप पिळली जाते. गाडी उसळते, माणूस आणखी आवळतो. म्हणून मैदानावर पहिले दोन दिवस एवढंच घोटवा : मनगट सपाट, कोपर सैल, आणि ब्रेक दाबण्याआधी मूठ पुढे फिरवून रेस पूर्ण बंद. वेग वळणाआधी कमी करायचा. गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक दाबला की रस्त्यावरच्या बारीक खडीवरून चाक निसटतं. तुमचंही बहुधा असंच झालं असावं. आणि नजर जिथे जायचं तिथे ठेवा. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यातच जातो.

साधारणपणे फसतं ते तीन ठिकाणी. एक, ‘अहो’ मागे बसून सूचना देतात : त्यांना मैदानाच्या कडेला चहा प्यायला बसवा. दोन, एखादा दिवस हात फार थरथरतात आणि माणूस अर्ध्यातून घरी येतो : अशा दिवशी एक पायरी खाली उतरा, पण वेळ पूर्ण करा. तीन, पावसाळा. दहा-बारा दिवस खंड पडला की आकडे पुन्हा वर जातात. तेव्हा दोन पायऱ्या मागून सुरू करा. दुसऱ्या वेळी चढण फार लवकर होते.

प्रश्न : मला लिफ्टची भीती आहे. वय ३१, विजयनगरला सातव्या मजल्यावर ऑफिस. तुमची शिडी वापरली, तीन आठवडे रोज लिफ्टनं वर जातोय. बहिणीला फोन लावून ठेवतो, पाण्याची बाटली हातात, डोळे मिटून अंक मोजतो, आणि आत निदान दोन माणसं असतील तरच शिरतो. भीती तसूभरही कमी झाली नाही. माझ्यावर हे चालत नाही का?

उत्तर : चालतं. पण तुम्ही शिडी कुबड्या घेऊन चढलात. फोन, बाटली, मिटलेले डोळे, सोबतीची दोन माणसं, अशा चार कुबड्या. दारातून सुखरूप बाहेर आलात की श्रेय त्यांच्या खात्यात जमा होतं : ‘ताई फोनवर होती म्हणून निभावलं.’ लिफ्टबद्दल तुमचा मेंदू या तीन आठवड्यांत काहीच नवीन शिकला नाही. एकेक कुबडी टाका, आठवड्याला एक, सर्वांत कमी प्यारी असेल ती आधी.

दुसरी गफलत बारीक आहे. सात मजले म्हणजे मिनिटभराचा प्रवास. भीती चढते, शिगेला पोचते आणि नेमकं तेव्हाच दार उघडतं. म्हणजे रोज तुम्ही भीतीच्या टोकावरून सुटका करून घेण्याचा सराव करताय. त्याऐवजी संध्याकाळी आठनंतर, ऑफिस रिकामं झाल्यावर, गार्ड भैयांना सांगून सलग दहा-बारा फेऱ्या मारा. वर, खाली, वर, खाली, मध्ये बाहेर न पडता. तिसऱ्या-चौथ्या फेरीला फार वाईट वाटेल. पुढे बहुतेकांना लिफ्टमधल्या जाहिराती वाचायचाही वैताग येतो. तिथपर्यंत थांबा.

नेमकं काय होईल असं वाटतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. या भीतीच्या तीन जाती असतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

‘दोर तुटेल.’ दोरांवर चालणाऱ्या लिफ्टला एक दोर नसतो, पोलादी दोरांचा जुडगा असतो. खाली जाण्याचा वेग मर्यादेबाहेर गेला तर रुळांना पकडणारी वेगळी यंत्रणा असते. दोर तुटला तरी पेटी अडते, हे लिफ्ट बनवणारे अमेरिकी एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनात लोकांसमोर दोर कापून दाखवलं होतं. ब्रेक स्प्रिंगनं लागलेला असतो आणि विजेनं सुटतो. म्हणजे वीज गेली की लिफ्ट कोसळत नाही, उलट जागच्या जागी थांबते. तुमच्या लिफ्टला वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं उपकरण बसवलंय का, ते गार्डला विचारा.

‘हवा संपेल.’ लिफ्टची पेटी हवाबंद नसते, तिला झरोके आणि फटी असतात. गुदमरल्यासारखं होतं ते वेगळ्या कारणानं. घाबरला की माणूस गरजेपेक्षा जास्त, भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि हवा पुरत नाही असं वाटतं. हवा कमी पडलेली नसते, जास्त घेतलेली असते. घरी खुर्चीत बसून अर्धा मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन बघा, लिफ्टशिवायच तीच गंमत होईल. (दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग करू नये.) मग नाकानं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. कागदी पिशवीत तोंड घालण्याचा जुना उपाय आता सांगत नाहीत.

‘अडकलो तर वेडा होईन.’ अशी धडधड साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला जाते आणि मग ओसरायला लागते. शरीराला तो जोर फार वेळ टिकवता येत नाही. खरंच अडकलात तर घंटेचं बटण दाबा, इंटरकॉमवर मजला सांगा, भिंतीला टेकून खाली बसा. दार हातानं उघडायचं नाही आणि दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या पेटीतून उडी मारायची नाही. लिफ्टमधला खरा धोका त्या उडीत आहे.

छातीत दुखणं, दरदरून घाम, हात किंवा जबडा भरून येणं असं पहिल्यांदाच झालं तर ‘भीतीच असेल’ म्हणून सोडू नका, आधी ईसीजी. थायरॉइड वाढलेला असला, रक्त कमी असलं, दिवसाला सहा कप कॉफी होत असली तरी अशीच धडधड होते. आणि महिना-दीड महिना नीट करूनही आकडे हलले नाहीत, झोप उडाली, जगणंच नको वाटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा सरकारी टेलिमानस सेवा : १४४१६. चोवीस तास, मोफत.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची आहे. नोकरीसाठी मेडिकल तपासणी आहे. सुई बघितली की ती पांढरीफटक पडते, मागे एकदा लॅबमध्ये खालीच कोसळली. ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड’ असं सांगून थकले.

उत्तर : तो सल्ला तातडीनं थांबवा. सुई आणि रक्ताची भीती बाकीच्या भीतींहून वेगळी वागते. साप दिसला तर रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. घाबरून कोणी सहसा बेशुद्ध पडत नाही. सुईच्या भीतीत मात्र रक्तदाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम घसरतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं. अशा वेळी अंग सैल सोडलं तर घसरण वाढते. इथे अंग आवळायचं.

ही पद्धत स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात बसवली. खुर्चीत बसून मांड्या, पोट, दंड आणि मुठी एकदम घट्ट आवळायच्या, १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत. श्वास कोंडायचा नाही. मग २०-३० सेकंद सोडायचं, पण पूर्ण लोळागोळा होऊ द्यायचं नाही, नेहमीच्या बसण्याइतकंच सैल. असं पाच वेळा. ही एक पाळी. दिवसातून पाच पाळ्या, निदान आठवडाभर. त्यानंतर शिडी : सुईचं चित्र, इंजेक्शनचा व्हिडिओ, हातात कोरी सिरिंज (सुईशिवाय), लॅबच्या बाकावर बसून येणं. प्रत्येक पायरीवर पहिली भोवळ जाणवताच आवळायचं.

तपासणीच्या दिवशी तंत्रज्ञाला आधीच सांगा, ‘हिला चक्कर येते, आडवं झोपवून घ्या.’ हे सांगण्यात लाज नाही. त्यांना रोज अशी दोन-चार माणसं भेटतात. उपाशीपोटी बोलावलं असेल तरी पाणी चालतं का ते विचारा, चालत असेल तर निघण्याआधी दोन ग्लास प्यावं. रक्त काढायचा हात सैल, बाकी अंग आवळलेलं. हे वेगवेगळं करणं लगेच जमत नाही, म्हणून घरी तेवढंच चार दिवस घोटवा. झाल्यावर दहा मिनिटं उठायचं नाही. बाहेर येऊन जिन्यावर कोसळणारे बरेच असतात. तुमची मुलगी गरोदर असेल किंवा रक्तदाबाची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आणि सुईचा संबंध नसताना, चालताना-धावताना चक्कर येत असेल तर तो विषयच निराळा, तिथे हृदयाची तपासणी लागते.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या वर्षी पाहुण्यांचं नावच विसरलो, कागद इतका थरथरत होता की माईकमध्ये ऐकू येत होता. त्यात पुण्याहून पाहुणे येणार, आणि आपली मराठी ही अशी, अर्धी हिंदी. धडधड कमी करायची गोळी मिळते म्हणतात, घेऊ का?

उत्तर : गोळीचं आधी. बहुधा तुम्ही प्रोप्रॅनोलॉलबद्दल ऐकलं असेल. ती हृदयाची आणि रक्तदाबाची गोळी आहे, दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते, नाडी मुळात मंद असेल तरी चालत नाही. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी, मित्राच्या खिशातली मुळीच नको. आणि लिफ्टच्या पत्रातल्या कुबड्यांचा हिशोब तिलाही लागू आहे.

थरथर कागदानं दिसते, म्हणून कागद बदला. ए-फोर पान पंख्यासारखं हलतं. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड पुठ्ठे घ्या, एका पुठ्ठ्यावर एक घोषणा, कोपऱ्यात क्रमांक. पाहुण्यांची नावं ठळक, मोठ्या अक्षरात. सगळं पाठ करू नका : पाठ केलेली साखळी एका कडीवर तुटली की पुढचं सगळं गळतं. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं. सुरुवातीचा अर्धा मिनिट निघून गेला की घशाची कोरड पुष्कळ उतरते, आणि तेवढा वेळ ही दोन वाक्यं तुम्हाला वाहून नेतात.

सराव उभ्यानं, मोठ्यानं, मोबाईलवर रेकॉर्ड करत. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द पडले तर वेग ठीक. घाबरलेला माणूस दीडशेच्या वर जातो आणि श्वास संपतो. मग घरच्या दोघांसमोर, मग शेजारच्या चौघांसमोर, मग कार्यकारिणीच्या बैठकीत एक ठराव वाचून दाखवायचा. कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी जा, माईक तोंडापासून मूठभर अंतरावर धरून चार वाक्यं बोला. स्वतःचाच आवाज स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकून दचकणारे पुष्कळ. अडकलात तर ‘सॉरी’ नको. गप्प राहा, पुठ्ठा बघा, बोला. तुम्हाला ते तीन सेकंद युगासारखे वाटतील, समोरच्यांना वाटेल की माणूस टाळ्या संपायची वाट बघतोय. रिकाम्या पोटी तीन कप चहा मात्र नको. चार तास आधी पोहे खा, जिलबी कार्यक्रमानंतर.

आणि पुण्याचे पाहुणे. जीभ अडखळते ती उसन्या वाक्यांवर. ‘सुहास्यवदनाने उपस्थित असलेले सन्माननीय’ असलं काही तुम्ही घरी बोलत नाही, मग तिथे ते दातात अडकणारच. इंदूरला मराठी माणसं होळकरांच्या काळापासून आहेत, त्यांच्या बोलण्यात माळव्याची हवा येणारच. जसं बोलता तसंच लिहा, नावांचे उच्चार तेवढे पाहुण्यांना आधी विचारून घ्या.

प्रश्न : सासूबाई ७६ वर्षांच्या, आम्ही रामबागेत राहतो. तीन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण त्या पलंग सोडत नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी देवळात जायच्या. आम्ही ‘घाबरू नका’ म्हणतो, त्या ‘मी नाही बाई’ म्हणतात.

उत्तर : वहिनी, त्यांची भीती अर्धी खरी आहे. तीन महिने पलंगावर बसल्यानं मांड्यांचे स्नायू उतरले असणार, म्हणजे आज त्या उठल्या तर पडण्याची शक्यता तेव्हापेक्षा जास्त आहे. ते त्यांच्या पायांना कळतंय. नुसत्या धिराच्या शब्दांनी भागणार नाही, आधी पाय परत मिळवायचे.

आधी पडण्याचं कारण शोधा. झोपून उठल्यावर रक्तदाब घसरतो का (आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत, असा दोनदा मोजून घ्या), चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी. बाथरूममध्ये पकडायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. टॉवेलचा दांडा धरायला देऊ नका, तो निघून हातात येतो. न घसरणारी रबरी चटई, रात्री दिवा, घरभरची पायपुसणी उचलून टाका. चप्पल मागून पट्टा असलेली.

मग व्यायाम. हात असलेली, न हलणारी, गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढे झुकायचं, हातांचा आधार घेऊन उभं राहायचं, तीन मोजायचे, सावकाश बसायचं. पाच वेळा, दिवसातून दोनदा. जमलं की दहा वेळा, मग एकाच हाताचा आधार. ओट्याला धरून टाचा वर करणं, दहा वेळा. तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण दंड धरू नका. दंड धरला की त्यांचा तोल तुमच्या हातात जातो. हात त्यांच्या पाठीमागे, न टेकवता.

शिडी देवळाकडे जाणारीच असू द्या, नातेवाइकांच्या हौसेची नको. पलंग ते बाल्कनी. बाल्कनी ते दार. दार ते कोपऱ्यावरचं दुकान, काठी घेऊन; इथे काठी ही आम्ही म्हणतो ती कुबडी नव्हे, ती खरंच लागते, आणि तिची मूठ उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. सहा-आठ आठवडे धरा. रोजचं अंतर कॅलेंडरवर त्यांनीच लिहायचं. आणि पडल्यावर कसं उठायचं ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या : कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, एक पाय आधी टेकवून उठायचं. ‘पडले तर तशीच पडून राहीन’ ही भीती पडण्याहून मोठी असते, आणि ती बोलून दाखवत नाहीत.

प्रश्न : (या पत्रातले तपशील मुद्दाम गाळले आहेत.) नवरा हात उचलतो. त्याच्या गाडीचा आवाज आला की अंगाला कापरं भरतं. ही भीती घालवून धीट कसं व्हावं?

उत्तर : ही भीती घालवू नका. ती खरं सांगते आहे. शिडी, श्वास, यातलं काहीही इथे लावायचं नाही. मारहाण चालू असेल तेव्हा ११२. बोलायला आणि मार्ग विचारायला महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५चा आहे, त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. आधार, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या एका घरी आजच ठेवा. जायचं ठरवलं तर ते आधी सांगू नका. ती वेळ सर्वांत जोखमीची असते. अंक घरी ठेवणं सुरक्षित नसेल तर ठेवू नका.

प्रश्न : घराबाहेर पडताना मी मारुतीचा जप करते, ११ वेळा. लिफ्टवाल्यांसारखी माझीही ती कुबडीच का? सोडू का?

उत्तर : जप करून तुम्ही निघता की जप झाल्याशिवाय निघताच येत नाही, यावर ते आहे. देवाचं नाव घेऊन उंबरा ओलांडणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांना आम्ही काय सांगणार. पण मध्येच कोणी बोललं म्हणून पुन्हा एकपासून मोजावं लागतं, बस चुकली तरी आकडा पुरा करावा लागतो, ११चे हळूहळू २१ झालेत, ‘नाही केला तर घरच्यांना काहीतरी होईल’ असं वाटतं, यातलं काही असेल तर ते भक्तीचं काम राहिलेलं नाही. ती मंत्रचळाची (ओसीडी : नको असताना पुन्हा पुन्हा येणारे विचार आणि कराव्याच लागणाऱ्या कृती) लक्षणं असू शकतात, त्यावर चांगले उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.

पारखायचं असेल तर येत्या आठवड्यात एक दिवस निवडा, शनिवार सोडून. त्या दिवशी जप न करता निघा, कोपऱ्यावर थांबून भीतीचा आकडा लिहा, काम करा, घरी या. जप संध्याकाळी दिवा लावल्यावर करा, न मोजता.